दालार्नातले जुने लाकडी घर: सगळे पांढरे करावे की मूळ रंग शोधावेत?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही नऊ वर्षांपासून स्वीडनमध्ये वेस्तेरोसला राहतो. गेल्या महिन्यात आम्ही दालार्ना प्रांतात, लेक्सांड गावाच्या उत्तरेला, एक जुने लाकडी घर विकत घेतले. शेजारी सांगतात त्याप्रमाणे ते १८८०च्या सुमाराचे असावे. भिंती आडव्या ओंडक्यांच्या आहेत, बाहेरून तांबडा रंग आणि पांढरे कोपरे आहेत. खाली स्वयंपाकघर आणि एक मोठी खोली, वर उतरत्या छपराखाली झोपायची जागा, एवढाच त्याचा पसारा आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी या घराला नवे रूप दिले. भिंतींवर हार्डबोर्ड ठोकला, खणांची सुंदर दारेसुद्धा हार्डबोर्डने झाकून सपाट केली आणि स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचे आच्छादन चिकटवले. कोपऱ्यात एक लांब लाकडी बाक आहे. त्याची बैठक उचलली की आत खोका दिसतो आणि खोका पुढे ओढला की दोघांचा पलंग होतो. त्यावर तपकिरी ऑइलपेंटचे इतके थर बसले आहेत की कडेची कोरीव रेघ बोटाला लागते, पण डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या घरात यावरून दोन पक्ष पडले आहेत. यजमान आणि मुले म्हणतात की स्वीडिश घर म्हणजे पांढऱ्या भिंती, पांढरे फर्निचर आणि करड्या उश्या. मलाही तसेच वाटत होते, पण पलीकडच्या घरातल्या आजींनी कॉफीला बोलावले तेव्हा त्यांचे स्वयंपाकघर गडद निळे, दारे लालसर तपकिरी आणि जमीन नुसत्या घासलेल्या फळ्यांची निघाली. मी त्यांना आमचा पांढऱ्याचा बेत सांगितला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि फक्त म्हणाल्या, ‘अगोदर बघा तरी खाली काय आहे ते.’

म्हणून विचारते. भिंती, जमीन आणि तो बाक यांचे काय करावे? इथे स्वीडनमध्ये राहणारे आणि जुन्या घरांची आवड असणारे बरेच जण आहेत, त्यांनी आपले अनुभव सांगावेत.

जुनाजाणता

अभिनंदन! मी उप्सालाला तीस वर्षे राहतो आणि दोन जुनी घरे हाताळली आहेत. माझा सल्ला एकच आहे: पहिले वर्ष काहीही पाडू नका, काहीही रंगवू नका. जूनमध्ये जी खोली उजेडाने भरलेली वाटते, तीच डिसेंबरात कशी दिसते ते त्या घरात बसून पाहावे लागते. छप्पर गळत असेल तर ते मात्र आजच बघा.

माजघर

मी पुण्यात अंतर्गत सजावटीचे काम करते आणि दोन वर्षे गोथेनबर्गला शिकायला होते. रानजाई, तुमच्या शेजारच्या आजी अगदी बरोबर बोलल्या. ‘स्वीडिश म्हणजे पांढरे’ ही समजूत मासिकांतल्या छायाचित्रांनी पसरवली आहे. तिचे एक मूळ गुस्तावियन शैलीत आहे. राजा तिसरा गुस्ताव १७७१ ते १७९२ या काळात गादीवर होता. फ्रान्समधली अभिजात शैली त्याच्या दरबारात आली आणि मोत्यासारखा करडा, फिकट निळा, मळकट पांढरा हे रंग सरदारांच्या वाड्यांत रुळले. शेतकऱ्याच्या घरात मात्र रंग म्हणजे उत्सव होता. कपाटे निळी किंवा हिरवी असत, त्यांवर फुले आणि लग्नाचे साल रंगवलेले असे, साध्या पाइनच्या लाकडावर संगमरवराच्या रेषा काढलेल्या असत.

याचा सर्वांत मोठा पुरावा तुमच्या शेजारच्याच प्रांतात आहे. हेल्सिंगलांडमधली सात शेतघरे २०१२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. अळशीच्या पिकातून, म्हणजे लिननच्या धाग्यातून आणि जंगलातून तिथल्या शेतकऱ्यांच्या हातात पैसा आला. त्यांनी सणसमारंभांसाठी स्वतंत्र खोल्या, काही ठिकाणी तर स्वतंत्र घरे बांधली आणि फिरत्या चित्रकारांकडून त्या आतून पूर्ण रंगवून घेतल्या. वर्षातून काहीच दिवस या खोल्या उघडत, म्हणून त्यांतले रंग आजही टवटवीत आहेत. त्या भिंतींवर ठशांनी काढलेली नक्षी आहे, झालरींचा आभास देणारे पट्टे आहेत, संपूर्ण निसर्गदृश्येही आहेत.

आणखी एक घर तुमच्यापासून मोटारीने तासाभरावर आहे. फालुनजवळच्या सुंडबॉर्न गावात कार्ल आणि कारिन लार्सन या चित्रकार दांपत्याचे घर आहे. कारिनच्या वडिलांनी ते त्यांना १८८८मध्ये दिले. त्या काळी शहरी बैठकीच्या खोल्या जड मखमली पडद्यांनी आणि काळपट लाकडाने भरलेल्या असत. या दोघांनी जेवणाच्या खोलीत लाल आणि हिरवा रंग एकमेकांना भिडवला. कार्लने घरातली जलरंगचित्रे काढली, ती १८९९मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि देशभर पोहोचली, त्यामुळे नाव त्याचे झाले. पण घरातले कापड, माग आणि कितीतरी लाकडी सामान कारिनने कल्पिले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तीही चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेली होती. तिने विणलेले दारावरचे पडदे आणि गावातल्या सुताराकडून करून घेतलेल्या साध्या रेषांच्या खुर्च्या पाहिल्या तर त्या शंभर वर्षे जुन्या आहेत हे खरे वाटत नाही.

उत्तरायण

माजघर यांच्या मताचा आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. मी उमेओला राहतो. इथे डिसेंबरच्या मध्यावर दिवस सुमारे साडेचार तासांचा असतो आणि त्यातही सूर्य क्षितिजाला घासून जातो. गडद निळे स्वयंपाकघर जूनमध्ये सुंदर दिसते, पण जानेवारीत तिथे बसून मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो. पांढऱ्या भिंतींना मासिकांची नक्कल म्हणून मोडीत काढू नये. ज्याला अंधार भोगायचा आहे त्याला उजेडाची भूक असते, आणि ती मनापासूनची असते.

शेवंती

उत्तरायण यांचे म्हणणे मला पटते, पण या अंधारावर इथल्या लोकांनी शोधलेला खरा उपाय मला भिंतीच्या रंगात नाही, दिव्यांच्या मांडणीत दिसतो. आपल्याकडे छताच्या मध्यभागी एक प्रखर दिवा लावायची सवय असते. इथे एका खोलीत पाच-सहा लहान दिवे असतात: एक टेबलावर, एक खुर्चीमागे, एक खिडकीत, सगळे डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याखाली. खिडकीतला दिवा घरातल्यांइतकाच रस्त्यावरून जाणाऱ्यासाठीही असतो. नाताळाच्या आधीच्या चार आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक खिडकीत त्रिकोणी दीपमाळ किंवा कागदाची चांदणी लागते. लुंडला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी चार वाजता काळोखात घरी चालत होते आणि त्या ओळीने लागलेल्या खिडक्या पाहून मला कोजागरीनंतरच्या दिवसांतले आमच्या गल्लीतले आकाशकंदील आठवले.

चौकट

सर्वांचे वाचतो आहे आणि माहिती उत्तम आहे. तरी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. हेल्सिंगलांडची रंगीत शेतघरे धनिक शेतकऱ्यांची होती आणि सुंडबॉर्नचे घर कलावंतांचे. रानजाई यांनी वर्णन केलेले घर कदाचित ‘तोर्प’ असेल. तोर्प म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचे कुळाचे घर. भाडे पैशांत नसे, मालकाच्या शेतावर ठरावीक दिवस राबून फेडावे लागे, आणि ही वेठ कायद्याने बंद व्हायला १९४३ साल उजाडले. एका खोलीत आठ-दहा माणसे, एकच चूल, भिंतींच्या फटींत शेवाळ भरलेले. १८५० ते १९३० या काळात सुमारे १३ लाख स्वीडिश माणसे अमेरिकेला निघून गेली, त्यांतली कितीतरी अशाच घरांतून गेली.

हे सांगायचे कारण असे की तुमचा तो बाक शोभेसाठी बनलेला नाही. दिवसा त्यावर माणसे जेवायला बसत, रात्री तो ओढून त्यात पेंढा भरून मुले निजत. ज्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, त्या घराने काढलेली ती युक्ती आहे. ते ऊबदारपण हौसेने आलेले नव्हते, अडचणीतून आलेले होते, एवढे लक्षात ठेवून सजवा म्हणजे झाले.

रानजाई

चौकट, तुम्ही हे लिहिलेत ते फार बरे केले. काल मी बाकाचा खोका पूर्ण बाहेर ओढला तेव्हा तळाच्या फळीवर, आतल्या बाजूला, सुरीने कोरलेल्या बारीक उभ्या रेघा दिसल्या. पाच-पाचचे गट आहेत, एकूण सदतीस रेघा. कोणी काय मोजत होते ते कळायला मार्ग नाही. त्या फळीला मी आता हात लावणार नाही, हे नक्की.

सुतारकी

मी गोथेनबर्गला असतो, नोकरी संगणकाची, पण शनिवार-रविवार लाकूडकामात जातो. आता प्रत्यक्ष कामाचे बोलतो.

पहिली गोष्ट, बाकावरचा तपकिरी रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ लहान मुलांना अपायकारक असते. आधी एका न दिसणाऱ्या जागी रंगांचा जिना तयार करा. दोन बोटे रुंदीची पट्टी घ्या आणि धारदार पात्याने एकेक थर असा खरवडा की प्रत्येक थराची एक पायरी उघडी राहील. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे मूळ रंग. जुनी घरे दुरुस्त करणारे इथले जाणकार नेहमी हेच करतात. जिना पाहिल्यावर ठरवा की सगळा रंग काढायचा आहे की नुसते स्वच्छ करून सोडायचे आहे.

दुसरी गोष्ट, भिंतींना प्लॅस्टिक पेंट अजिबात लावू नका. ओंडक्यांची भिंत वर्षभर पाणी घेते आणि सोडते. तिला प्लॅस्टिकचे कातडे चढवले की ओल आत अडकते. माझ्या ओळखीच्या एकांनी घराच्या बाहेरच्या फळ्या दुकानदाराच्या सांगण्यावरून असल्याच टिकाऊ म्हणवल्या जाणाऱ्या रंगाने रंगवल्या. सहा वर्षांनी रंग तसाच तुकतुकीत होता, पण खिडकीखालच्या फळीत पेचकस मुठीपर्यंत रुतला. आतले लाकूड ओल्या केकसारखे झाले होते.

लाकडासाठी इथे जवसाच्या तेलाचा रंग वापरतात. आपल्याकडचे सुतार ज्याला बेलतेल म्हणतात त्याच्याच कुळातला तो. पातळ थर द्यावा, नीट चोळावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा थर देऊ नये. घाई करणाऱ्याच्या हाताखाली तो रंग सुरकुततो.

आणि हे अगदी ठळक अक्षरांत वाचा: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि वाळताना उष्णता सोडते. बोळ्यात ती उष्णता कोंडली जाते आणि चिंधी आपोआप पेट घेते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळू द्या. लाकडी घरे या एका चुकीने जळाली आहेत.

गारवेल

सुतारकी यांनी बाहेरच्या भिंतींचा विषय काढला म्हणून विचारते. तो तांबडा रंग सगळीकडे एकाच छटेचा कसा? कोकणात आमच्या घराच्या जोत्याला काव लावत असत, तिची आठवण येते.

जुनाजाणता

गारवेल, तुमची आठवण अगदी योग्य ठिकाणी पोहोचली आहे. काव, गेरू आणि हा तांबडा रंग यांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे लोहाचे ऑक्साइड. फालुनला तांब्याची प्रचंड खाण होती. सतराव्या शतकात तिच्या भरभराटीच्या काळात युरोपातले सुमारे दोन तृतीयांश तांबे तिथून येत होते. ज्या दगडात तांबे कमी असे तो ढिगाऱ्यात टाकून दिला जाई. शेकडो वर्षे ऊन-पाऊस खाऊन त्या ढिगाऱ्यांची तांबडी माती झाली. ती धुऊन, भाजून, दळून रंगद्रव्य करतात. भाजण्याच्या आचेवर छटा ठरते, फिकट लाल ते जवळजवळ काळा. खाण १९९२मध्ये बंद झाली, २००१मध्ये जागतिक वारसा ठरली, पण रंगाचे काम १७६४पासून आजतागायत चालू आहे, कारण ढिगारे अजून संपलेले नाहीत.

रंग शिजवायची रीत ऐकाल तर तुम्हाला आपल्याकडची खळ आठवेल. पाण्यात हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, विरघळवतात, त्यात राय नावाच्या धान्याचे पीठ घालून शिजवतात, म्हणजे ती खळच झाली, मग रंगद्रव्य आणि पुढे जवसाचे तेल. हा रंग पोपडे धरत नाही. दहा-पंधरा वर्षांत तो पिठूळ होऊन झडतो, तेव्हा ताठ ब्रशने झाडून त्यावरच नवा हात द्यायचा असतो. मात्र लाकूड खरखरीत, करवतीतून आलेले हवे. रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीवर तो धरत नाही.

या रंगाची सुरुवात ऐट मिरवण्यासाठी झाली. श्रीमंतांना युरोपातल्या लाल विटांच्या हवेल्यांसारखे दिसायचे होते आणि घरे तर लाकडाची होती, म्हणून त्यांनी लाकूड लाल केले. शेतकऱ्यांच्या आणि कुळांच्या घरांपर्यंत तो रंग बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकात पोहोचला. त्याआधीची खेडी करड्या, उघड्या लाकडाची होती. आज ज्याला आपण शेकडो वर्षांचे ग्रामीण दृश्य समजतो ते बऱ्याच ठिकाणी दीडशे वर्षांचेच आहे.

वाकळ

जमिनीबद्दल अजून कोणी बोलले नाही, म्हणून मी बोलते. मी बोरोसला कापडाच्या क्षेत्रात काम करते आणि घरी एक जुना माग आहे.

रानजाई, स्वयंपाकघरातले प्लॅस्टिक काढा. खाली बहुधा पाइनच्या रुंद फळ्या निघतील. त्यांना वॉर्निश करू नका. इथे अशी जमीन तेलापासून केलेल्या मऊ साबणाने धुतात, त्याला स्वीडिशमध्ये ‘सोपा’ म्हणतात. आपल्याकडे घराचा सोपा असतो, इथे सोप्याने घर धुतात, हे मी माझ्या सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या फार हसल्या. फळ्यांच्या लांबीच्या दिशेने ब्रशने घासायचे, धुऊन काढायचे, वाळू द्यायचे. दर वेळी साबणातला थोडा स्निग्धांश लाकडात मुरतो, आणि काही वर्षांनी जमीन फिकट, रेशमासारखी होते. पूर्वी सणासुदीला अशा घासलेल्या जमिनीवर जुनिपरच्या बारीक चिरलेल्या डहाळ्या पसरत, पाय पडला की सुवास सुटे.

त्या जमिनीवर चिंध्यांच्या पट्ट्या घाला. ‘त्रासमात्ता’ हा इथला शब्द. ‘त्रासा’ म्हणजे चिंधी. उभा ताणा सुताचा असतो आणि आडवा बाणा फाडलेल्या जुन्या कपड्यांचा. गिरणीचे सुती कापड स्वस्त झाल्यावर एकोणिसाव्या शतकात या पट्ट्या सामान्य घरांत आल्या, आणि सुरुवातीला त्या इतक्या मोलाच्या वाटत की फक्त नाताळात आणि सणाला अंथरत. मागाच्या रुंदीमुळे त्या अरुंद आणि लांब असतात, म्हणून मोठ्या खोलीत दोन-तीन शेजारी शेजारी घालतात.

आमच्या गावाकडे गोधडीला वाकळ म्हणतात, मी तेच नाव इथे घेतले आहे. आजीच्या वाकळीत आजोबांचे धोतर, आईचे परकर आणि माझा शाळेचा फ्रॉक होता. बोरोसला शेजारच्या बाईंनी त्यांच्या आईने विणलेली पट्टी दाखवली आणि एका निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, हा माझ्या वडिलांचा कामाचा सदरा. मला पुढे काही बोलता आले नाही. माझ्या मागावर सध्या जी पट्टी आहे तिच्यात माझ्या आईच्या दोन इरकली साड्या फाडून घातल्या आहेत. काठाची हिरवी पट्टी दर वीतभराला डोकावते.

बाजारातल्या स्वस्त चिंधी-पट्ट्या बऱ्याचदा भारतातूनच विणून येतात. त्या वाईट नसतात, पण त्यांतली चिंधी कारखान्याच्या कापडाची कातरण असते. शक्य असेल तर खेड्यातल्या लिलावात किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात घ्या.

टिपूर

वाकळताई, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने लगेच ट्रंक उघडली.

उत्तरायण

वाकळ यांचे वाचून माझे मत थोडे बदलले, हे कबूल करायला हवे. घासलेली फिकट जमीन आणि छत पांढरे असेल तर भिंती रंगीत असूनही खोली अंधारणार नाही. आमच्या उत्तरेकडेही जुन्या घरांत छत जवळजवळ नेहमी फिकट असते.

एक प्रश्न मात्र राहतो. थंडीचे काय? उणे पंचवीसमध्ये नुसत्या फळ्यांच्या जमिनीवर बसता येत नाही. त्या घरात टाइल्सची उंच शेगडी आहे का, जिला काकेलउन म्हणतात?

चौकट

काकेलउन छोट्या घरात सापडणे अवघड आहे. १७६७मध्ये वास्तुकार क्रोनस्टेट आणि सेनाधिकारी व्रेदे या दोघांनी तिची सुधारित रचना सरकारसाठी केली, कारण जळणाचे लाकूड कमी पडू लागले होते. धूर सरळ वर जाऊ न देता त्याला विटांच्या बोळांतून वर-खाली फिरवले, त्यामुळे सकाळी पेटवलेल्या विस्तवाची ऊब रात्रीपर्यंत पुरू लागली. पण दीर्घकाळ ती वाड्यांतच राहिली. कुळाच्या घरात उघडी चूल आणि पुढे लोखंडी शेगडी असे.

शेवंती

गरिबाच्या घरात थंडी अडवायचे काम खिडकी करत असे. शरद ऋतूत खिडकीला आतून दुसरे तावदान बसवत, कडेच्या फटीवर खळीने कागदाची पट्टी चिकटवत आणि दोन तावदानांमधल्या जागेत कापूस अंथरत. त्या कापसावर वाळलेली फुले, शेवाळ मांडत. कापूस गारवा आणि ओल धरून ठेवी, आणि बाहेर सगळे गोठलेले असताना खिडकीत एक बाग असे. वसंतात ते तावदान काढून माळ्यावर ठेवत. रानजाई, तुमच्या माळ्यावर हातभर लांबीची तावदाने भिंतीला टेकवून ठेवली आहेत का, ते जरूर पाहा.

आणि खिडकीत पेलार्गोनियम ठेवाच, आपल्याकडच्या रोपवाटिकांत ज्याला जिरेनियम म्हणतात ते. मूळ दक्षिण आफ्रिकेचे, पण इथल्या खेड्यांत ते घरचे झाले आहे. ‘मोरबाका’ नावाचा फिकट गुलाबी प्रकार इथे फार लाडका आहे. लेखिका सेल्मा लागरलॉफ यांच्या वेर्मलांडमधल्या घराचे ते नाव. रोपे विकत घेऊ नका, कोणाकडून तरी फांदी मागून लावा. इथे तशीच रीत आहे.

माजघर

मूळ प्रश्नाकडे यायचे तर भिंतींबद्दल एक भर घालते. हार्डबोर्डच्या खाली ओंडके लगेच दिसतील असे समजू नका. मध्ये बहुधा कागदाचे थर असतील. ओंडक्यांवर जाड पुठ्ठा ओला करून फक्त कडांना बारीक खिळ्यांनी ठोकत. वाळला की तो ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जाई आणि त्यावर वॉलपेपर लावत. ऋतूप्रमाणे ओंडके हलले तरी वॉलपेपर फाटत नसे, कारण तो भिंतीला चिकटलेलाच नसे. तुम्ही भिंतीवर टकटक केली आणि पोकळ आवाज आला तर खिळे शोधा, पुठ्ठा ओरबाडू नका.

कागद नसेल तर खडू आणि सरसाचा रंग निघेल. त्याची ओळख सोपी आहे: ओला हात फिरवला की तो आपल्या जुन्या सफेदीसारखा तळव्याला लागतो. त्यावर दुसरा कोणताही रंग बसत नाही, धुऊनच काढावा लागतो.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. तुमच्या प्रतिसादांच्या प्रती काढून आम्ही घरी घेऊन गेलो होतो.

सुतारकींनी सांगितल्याप्रमाणे बाकाच्या मागच्या पायावर रंगांचा जिना केला. यजमानांनी पाते धरले आणि मी टॉर्च. तपकिरी, त्याखाली पुन्हा तपकिरी, मग साय धरलेल्या दुधासारखा पिवळट, मग करडा, आणि शेवटची पायरी निळी. फिकट नाही, शाईत थोडे दूध पडावे तसा निळा. मुलगा तोपर्यंत लांब उभा होता, तो आला आणि त्या नखाएवढ्या तुकड्यावर बोट ठेवून बसला. त्यानेच म्हटले की बाक पांढरा करायचा नाही.

भिंतींचे माजघरताईंनी सांगितले तसेच निघाले. चुलीशेजारचा हार्डबोर्ड सोडवला तर खाली वॉलपेपरचे चार थर, त्याखाली पुठ्ठा, आणि एका फाटक्या कोपऱ्यातून आतला वर्तमानपत्राचा तुकडा दिसला. त्यावर १९०४ साल वाचता येते आणि बियाण्यांची जाहिरात आहे. सगळ्यांत खालच्या वॉलपेपरवर हिरवट पार्श्वभूमीवर वीतभर अंतराने लहान फुलांचे गुच्छ आहेत. तो आम्ही स्वयंपाकघरात जपणार आहोत, जिथे फाटला आहे तिथे फाटलेला राहील. वरची झोपायची खोली मात्र उत्तरायण यांच्या बाजूने गेली. तिथे उतरत्या छताला पांढरा रंग देणार आहोत, कारण तिथे एकच खिडकी आहे.

प्लॅस्टिकखाली फळ्या आहेत, पण त्यांवर काळ्या गोंदाचे डाग आहेत. ते काम पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवले आहे. तोवर आजींनी दिलेली एक जुनी पट्टी अंथरली आहे. शेवंतीताई, माळ्यावर तावदाने खरोखरच आहेत, सहा! एकाची काच तडकली आहे. आणि आजींनी पट्टीबरोबर पेलार्गोनियमची फांदीही दिली, तिला परवा पहिले नवे पान फुटले.

आता एक दार उघडे केले आहे. हार्डबोर्डखालचे चार खण सुरेख आहेत, पण बारीक खिळ्यांची मला मोजता आलेली एकसष्ट छिद्रे आहेत. ती कशाने भरावीत?

सुतारकी

जवसाच्या तेलाची लांबी आणा, खडूची भुकटी आणि तेल यांची असते ती. बाजारातली प्लॅस्टिकची पुट्टी नको, लाकूड हलले की ती सुटून पडते. आधी प्रत्येक छिद्रात ब्रशच्या टोकाने थोडे तेल पाजा, नाहीतर लाकूड लांबीतले तेल शोषून घेईल आणि ती भुगा होऊन गळेल. मग अंगठ्याने दाबून भरा आणि किंचित फुगीर ठेवा, वाळताना ती बसते. रंग द्यायच्या आधी आठवडाभर तरी थांबा. आणि त्या तडकलेल्या तावदानाची जुनी काच फेकू नका. तिच्यातून पाहिले तर बाहेरची झाडे किंचित लहरताना दिसतील, तशी काच आता मिळत नाही. तडा एका कडेला असेल तर ती कापून लहान खणात बसवता येईल. माप कळवा, माझ्याकडे काच कापायची हिरकणी आहे, मी पुढच्या महिन्यात त्या बाजूला येतो आहे.